मुलांवर ओरडून झालं की प्रार्थनेला बसायची लाज वाटते, तुम्ही काय करता?

दोन पिल्लांची आई

जय ख्रिस्त सगळ्यांना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, आतापर्यंत नुसती वाचत होते. लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

मला मुलगी आहे साडेपाच वर्षांची आणि मुलगा चौदा महिन्यांचा. नवरा कामासाठी महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर असतो. तो फोन रोज करतो, काळजी खूप करतो, पण फोनवरून कोणी बाळाला कडेवर घेऊ शकत नाही ना. मुलगा अजून रात्री तीन-चार वेळा उठतो. सकाळी मुलीला शाळेसाठी तयार करायचं म्हणजे रोजची लढाई, मोजे टोचतात, केस ओढले जातात, हे नको ते नको, आणि त्याच वेळी आतल्या खोलीत बाळ टाहो फोडत असतं.

परवा बुटाची लेस मीच बांधणार म्हणून ती बसली. शाळेची गाडी खाली येऊन हॉर्न देतेय, बाळाने नुकतंच माझ्या खांद्यावर ओकलंय, आणि ती शांतपणे एक फास करते, तो सुटतो, परत करते. मी तिच्या हातातून बूट हिसकावला आणि इतक्या जोरात ओरडले की तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना. ती रडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, दोन बोटं लेस धरल्यासारखी तशीच हवेत. ती बोटं माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीयेत.

रात्री झोपताना आम्ही तिघं प्रार्थना करतो, नवरा असला की चौघं. मी डोळे मिटून "प्रेमळ स्वर्गीय पित्या" म्हटलं आणि तिने मधेच विचारलं, "आई, तू येशूवर पण ओरडतेस का?"

मला पुढे एक शब्द बोलता आला नाही. आमेन पण तिनेच म्हटलं.

मी मंडळीतच, म्हणजे चर्चमधेच वाढलेली आहे, लग्नाआधी चार वर्षं संडे स्कूलला शिकवलं. आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणारे गुण, काय काय ते बोटांवर मोजून पोरांकडून पाठ करून घ्यायचे, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता... आणि आता घरात माझ्यात त्यातलं एक सुद्धा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बाळ झाल्यापासून माझ्या बायबलमधली खूणचिठ्ठी एकाच पानावर आहे. रविवारी गाणी म्हणताना वाटतं मी ढोंग करतेय, शेजारी बसलेल्यांना माहीत नाही काल घरात काय झालं ते.

प्लीज "प्रार्थना करत जा" एवढंच लिहू नका, ते मला माहितीये. त्या क्षणी, बूट हातात असताना, तुम्ही काय करता ते सांगा. आणि नंतर, लाज वाटत असताना, देवाकडे परत जाता कसं?

---

पहाटेचा प्रहर

ताई, जय ख्रिस्त. माझा अनुभव सांगतो. आमची तीन मुलं, आता मोठी झाली. मी पहाटे साडेचारला उठून एक तास प्रभूच्या सान्निध्यात घालवत असे, एक अध्याय, मग गुडघ्यावर प्रार्थना. ज्या दिवशी तो तास चुकला त्या दिवशी घरात आवाज चढलाच. प्रभू येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत होता असं मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. मुलं उठायच्या आधी तुम्ही उठा, दिवस तुमच्या हातात राहील. सुरुवातीला जड जातं, पण शरीराला सवय होते.

---

रतामाची सावली

दादा, तुमच्या वचनाविषयी काही म्हणणं नाही, पण ही बाई रात्रीतून चार वेळा उठतेय, तिला साडेचारला उठायला सांगायचं म्हणजे पाचव्यांदा उठायला सांगण्यासारखं आहे. मी स्वतः ते करून बघितलंय. दुसरी मुलगी झाली तेव्हा पहाटे उठायचे, अध्याय उघडायचे आणि पानावर डोकं ठेवून झोपायचे, मग झोपले म्हणून दिवसभर अपराधी वाटायचं, आणि त्या अपराधीपणाचा राग मुलींवर निघायचा.

दोन पिल्लांची आई, तुला एकेरीच म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. १ राजे १९ वाच. नको, वाचू नकोस, मीच सांगते, तू बाळाला घेऊन ऐक.

एलीया. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून अग्नी उतरलाय, एवढा मोठा संदेष्टा. आणि राणी ईजबेलीचा जिवे मारायचा एक निरोप आला तसा जीव घेऊन पळाला, रानात एक दिवसाची वाट चालून गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला आता पुरे झालं, माझा प्राण घे. आता बघ देव काय करतो. कालच तर अग्नी बघितलास, आज विश्वास कुठे गेला, असं काही नाही. त्याला झोपू देतो. मग देवदूत येऊन हात लावतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो! आणि त्याला परत झोपू दिलं जातं, ही गोष्ट मला कोणी कधी उपदेशात सांगितली नव्हती. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हा देवदूत म्हणतो, परत खा, कारण पुढची वाट तुला झेपणारी नाही. मग तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला जातो, आणि "एलीया, तू इथे काय करतोस" हा प्रश्न देव त्याला तिथे गेल्यावर विचारतो. झोप आणि जेवण आधी झालं, प्रश्न कितीतरी नंतर आला.

म्हणजे बाळ दुपारी झोपलं की भांडी तशीच टाकून आडवी होणं, ही तुझी सध्याची भक्ती आहे असं समज. मी हे मनापासून लिहितेय. तुझं शरीर पण त्यानेच घडवलंय.

आता बूट हातात असताना काय करायचं. नहेम्याचा दुसरा अध्याय आठव. तो राजाचा प्यालेबरदार, राजाला द्राक्षारस देतोय, तोंड उतरलेलं, राजा विचारतो काय हवंय तुला. आणि तिथे लिहिलंय की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे किती वेळ असेल? राजा काय थांबून राहणार होता का तो गुडघे टेकेपर्यंत? एक श्वास असेल. तेवढ्यात त्याने प्रार्थना केली आणि ती पोचली. मी तिथून शिकले. आमच्या मुलींच्या खोलीच्या दाराला लाकडी चौकट होती, आत जायच्या आधी मी तिच्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे "प्रभू, आत्ता." बस, दोन शब्द. दहातले चार वेळा विसरायचे. पण हाताला सवय लागली, चौकट दिसली की हात आपोआप जायचा, आणि तो हात ठेवायला जो एक सेकंद लागतो ना, त्यात आवाज अर्धा खाली यायचा. मुली आता कॉलेजला आहेत, चौकटीवर त्या जागी रंग अजून उडालेला आहे.

---

मुलाचा बाबा

आयांच्या चर्चेत एक बाप घुसतोय, माफ करा. पण ताई, तुमचं वाचताना भिंतीला टेकलेली तुमची मुलगी मला दिसली, कारण माझा मुलगा तसाच उभा राहायचा.

माझे वडील चिडके होते. खूप चांगले होते, कष्टाळू होते, मंडळीत वडीलजन होते, आणि घरात आम्ही त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून पुस्तकं उघडायचो. मी ठरवलं होतं मी असा होणार नाही. आणि मुलगा सहा वर्षांचा असताना एक दिवस तो मला बघून पटकन वही उघडून बसला, मी काहीच बोललो नव्हतो, नुसता घरात आलो होतो. वही उलटी होती.

"मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा" हे इफिसकरांस पत्रातलं वचन मला लहानपणापासून पाठ, आमच्या घरात रोज ऐकायला मिळायचं. त्याच अध्यायात तीन ओळी खाली बापांना लिहिलंय की मुलांना चिरडीस आणू नका, ते मी चाळिशीला आल्यावर नीट वाचलं. आणि कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल त्याचं कारण पण देतो, मुलांचं मन खचेल म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वी, त्या काळात बापाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असताना, कोणीतरी मुलाच्या मनाचा विचार करून बापाला थांबवतंय. मला ते वाचून रडू आलं होतं, गाडीत बसून.

नंतर परत कसं जायचं हा तुमचा दुसरा प्रश्न. मला असं कळलंय की देवाकडे परत जायचा रस्ता मुलाच्या खोलीतून जातो. प्रभू येशूनेच सांगितलंय ना, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी ते वचन नेहमी मंडळीतल्या भांडणांसाठी वापरायचो. आपल्या घरातला सहा वर्षांचा माणूस पण त्यात बसतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

तर मी त्याच्यासमोर खाली बसलो, उंची सारखी होईल असं, आणि म्हटलं, बाबा ओरडला, ते चुकीचं होतं, तुझी चूक नव्हती, मला माफ कर. एवढंच. एक गोष्ट जपा ताई, "सॉरी, पण तू सुद्धा..." असं म्हणू नका. त्या "पण" नंतर मूल फक्त "पण" ऐकतं. शिस्तीचं काही असेल तर ते संध्याकाळी वेगळं बोला. पहिल्यांदा त्याने काही उत्तर दिलं नाही, खेळायला निघून गेला, मला वाटलं फुकट गेलं. तीन दिवसांनी तो स्वतःहून आला आणि म्हणाला, बाबा, तो ग्लास मी फोडला होता. मला तो ग्लास फुटल्याचं सुद्धा माहीत नव्हतं.

आणि एक, अगदी छोटं. उत्पत्ती ३३ मधे याकोब आणि एसाव वीस वर्षांनी भेटतात, एसाव म्हणतो चल बरोबर निघू, आणि याकोब म्हणतो, मुलं कोवळी आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तर कळप मरेल, तू पुढे हो, मी मुलांच्या चालीने हळूहळू येतो. आमच्या घरात त्यावरून आम्ही घड्याळ बदललं, म्हणजे शाळेची सगळी तयारी रात्रीच, बूट दाराशी, आणि सकाळी लेस बांधायला म्हणून वेगळी दहा मिनिटं. तुमच्या मुलीला लेस स्वतः बांधायची आहे ही खरं तर आनंदाची गोष्ट आहे, तिला फक्त ती दहा मिनिटं हवी आहेत.

---

माळेतला मणी

आम्ही कॅथलिक, त्यामुळे माझं थोडं वेगळं असेल, चालेल ना?

माझी जुळी आहेत, आता तीन वर्षांची. पूर्ण रोझरी, म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना, बसून करणं मला गेल्या तीन वर्षांत एकदाही जमलेलं नाही. आमच्या फादरांना कबुलीच्या वेळी सांगितलं तर ते म्हणाले, एक दशक कर, म्हणजे दहाच मणी, चालता चालता कर, जिथे थांबशील तिथे थांब, बाकीचं स्वर्गातली आई पूर्ण करेल. तेव्हापासून रात्री एकाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मी दहा नमो मारिया म्हणते, मणी नसले तर बोटांवर. खूपदा पाचव्या-सहाव्याला मूल झोपतं. कधीकधी मीच विसरते कितवं चाललंय ते.

रोझरी म्हणताना येशू-मारियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं मनन करतात, त्यांना रहस्यं म्हणतात; आनंदाच्या रहस्यांमधलं पाचवं मला सगळ्यात जवळचं आहे, बाळ येशू मंदिरात सापडतो ते. बारा वर्षांचा मुलगा, सण आटोपून सगळे परत निघाले, आईबापांना वाटतं सोबतच्या लोकांत असेल, नातेवाइकांत असेल, एक अख्खा दिवस चालून झाल्यावर कळतं तो नाहीच आहे. तिसऱ्या दिवशी सापडतो. आणि मारिया काय म्हणते, बाळा, तू आमच्याशी असं का वागलास, आम्ही किती कष्टी होऊन शोधतोय तुला. तिच्या आवाजात काहीच नसेल का त्या वेळी? तीन दिवस झोप नाही, जिवाचं पाणी झालेलं. मी त्या रहस्यापाशी नेहमी थांबते. कुशीत प्रत्यक्ष देवाचा पुत्र असून सुद्धा तिला आईपण सोपं गेलं नाही.

---

न बोलणाऱ्याची बोलकी आई

मी फार कमी लिहिते इथे पण तुझ्या मुलीच्या प्रश्नाने थांबवलं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. भूक लागली तरी किंचाळतो, आनंद झाला तरी किंचाळतो, आणि खूप आवाज झाला की स्वतःच्या हाताला चावतो. एका रविवारी उपासनेत शांततेची प्रार्थना चालू असताना तो किंचाळला आणि पुढच्या बाकावरच्या एकांनी वळून बघितलं, ते बघणं मला अजून आठवतं. मी त्याला बाहेर घेऊन गेले आणि पायरीवर बसून पहिल्यांदा देवावर ओरडले. मनात नाही हं, तोंडाने. तुला हे दिसत नाही का, अजून किती, मी एकटी किती करू.

आणि वीज पडली नाही. उलट किती महिन्यांनी मी त्याच्याशी खरं बोलले होते असं वाटलं.

नंतर शोधायला लागले तर पवित्र शास्त्र अशा ओरडण्याने भरलेलं आहे गं. स्तोत्र १३ घे, सहाच ओवींचं आहे, त्यातल्या पहिल्या दोन ओवींत दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? मला कुठवर विसरणार, तोंड कुठवर लपवणार. स्तोत्र ८८ तर संपतंच अंधारात, शेवटी एक सुद्धा आशेची ओळ नाही, तरी ते स्तोत्रांमधे ठेवलंय. आणि सगळ्यात मला आवडतं ते मार्कच्या चौथ्या अध्यायातलं, वादळात नाव भरायला लागलीय आणि प्रभू मागे उशी घेऊन झोपलाय, शिष्य त्याला उठवून म्हणतात आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का. हे काय हळू आवाजात म्हटलं असेल का, वादळात? ओरडलेच असणार. मार्क लिहितो, तो उठला आणि आधी वाऱ्याला धमकावलं, समुद्राला गप्प केलं, आणि मग शिष्यांकडे वळून विचारलं, तुम्ही भित्रे का. आधी वादळ शांत केलं.

तेव्हा तुझ्या मुलीला सांग, हो, आई येशूवर ओरडते, त्याला चालतं. ओरडायचं असेल तर तिथे जाऊन ओरडायचं, तो मोठा आहे, त्याला लागत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलीला लागतं. एवढा साधा हिशोब आहे माझा.

अजून एक सांगते, कोणी म्हणालं की "देव झेपेल तेवढंच देतो", तर मान डोलव आणि सोडून दे. मला ते इतक्यांनी सांगितलंय. करिंथकरांस पत्रातलं ते वचन मोहाविषयी आहे, परीक्षेतून बाहेर पडायचा मार्ग देव देतो असं आहे, मुलाच्या आजाराचं माप काढून देव पाठवतो असं तिथे कुठे लिहिलंय. मला हे झेपत नाही. नाहीच झेपत. पौलाला पण नव्हतं झेपत, शरीरात काटा आहे म्हणायचा तो आपल्या त्रासाला, तो काढ म्हणून तीनदा विनवणी केली त्याने आणि उत्तर आलं माझी कृपा तुला पुरेशी आहे. त्याचा काटा काढून टाकला असं काही तिथे लिहिलेलं नाही.

आणि मदत माग. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी धरून उभे राहिले, सूर्य मावळेपर्यंत, आणि त्याच्या बुडाखाली दगड पण आणून ठेवला बसायला. मला तो दगड फार आवडतो, कोणाच्या तरी लक्षात आलं की हा उभा राहून दमलाय. माझ्या मंडळीतली एक काकू दर गुरुवारी दोन तास येते. ती काही करत नाही विशेष, त्याच्याबरोबर जमिनीवर बसून ठोकळे रांगेत लावते. पण मी तिला मागितलं तेव्हा ती आली, आधी नऊ महिने मी वाट बघत होते की कोणीतरी आपणहून विचारेल.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, विश्वासणारी आहे. सगळ्यांनी इतकं सुंदर लिहिलंय पण मला एक वेगळी काळजी वाटतेय म्हणून सरळच विचारते.

ताई, मुलं झोपलेली असताना तरी तुम्हाला झोप लागते का? आधी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागतं का? विनाकारण रडू येतं का, आपण वाईट आई आहोत, आपण नसतो तर बरं झालं असतं, असले विचार येतात का? शेवटचा विचार जरी एकदा येऊन गेला असेल तरी आजच कोणालातरी सांगा, नवऱ्याला, डॉक्टरांना, थांबू नका.

बाळंतपणानंतरचं डिप्रेशन फक्त पहिल्या महिन्यात होतं असा समज आहे, तसं नाहीये, वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं आणि लक्ष दिलं नाही तर पुढे लांबतं. त्यात नुसतं रडूच येतं असं पण नाही, चिडचिड, एकदम स्फोट होणं हे सुद्धा त्याचं लक्षण असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी जगभरात साधारण १३ टक्के जणींना मानसिक त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशन. म्हणजे रविवारी बाकांवर बसलेल्यांत तुम्ही एकट्या नाही. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरी असं दमायला होतं, ते साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं.

मी डॉक्टर नाही, तुम्हाला हे झालंच आहे असं म्हणत नाही. पण जाऊन या. आपल्यात कुठेकुठे अजून बोललं जातं की औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तापाची गोळी घेताना आपण विश्वास मोजत नाही ना.

---

पहाटेचा प्रहर

रतामाची सावली ताई, तुमचं वाचून मी बायकोला विचारलं, मी पहाटे प्रार्थनेला बसायचो तेव्हा मुलं उठली की कोण बघायचं. ती म्हणाली, मी. मला इतक्या वर्षांत हे विचारायचं सुचलं नव्हतं. त्या एका तासाची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली होती आणि मी साक्ष देताना तो तास माझा म्हणून सांगत आलो.

दोन पिल्लांची आई, माझा सल्ला मागे घेतो. त्याऐवजी एवढंच, साडेचारला मी अजून उठतो. तुमचं आणि तुमच्या दोन्ही मुलांचं नाव प्रभूला माहीत आहे, मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करेन. तुम्ही त्या वेळी झोपा.

---

दोन पिल्लांची आई

आठ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं, बाळाला पाजताना, एका हाताने.

मुलाचा बाबा दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. तिच्यासमोर जमिनीवर बसले, बूट पण घेऊन बसले. म्हटलं, त्या दिवशी आईने बूट ओढला आणि ओरडली, ते चुकलं आईचं, तू काही चुकीचं केलं नव्हतंस. तिने विचारलं, "मग आता परत नाही ना ओरडणार?" मला खोटं बोलवेना. म्हटलं, मी खूप प्रयत्न करणारे, येशूची मदत मागणारे, पण कधी ओरडले तर परत येऊन माफी मागेन. तिने जरा विचार केला, मग बूट पुढे केला आणि म्हणाली, बघ आता. फास सुटला. दुसऱ्यांदा पण सुटला. तिसऱ्यांदा झाला, सैल, वाकडा, पण झाला. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

तिचा प्रश्न राहिला होता त्याचं पण उत्तर दिलं. खरं तर उत्तर मला वाचता वाचताच सापडलं, मी येशूवर कधीच ओरडत नव्हते. त्याच्याशी बोलताना आवाज सगळा साखरेचा, आणि आतलं सगळं घरात, पोरीवर. परवा रात्री बाळ दोन तास झोपेना तेव्हा खिडकीपाशी उभी राहून तोंडाने म्हटलं, कुठवर प्रभू, मी दमलेय, मला कोणी उचलून घेणार आहे का नाही. बाळ माझ्या तोंडाकडे टकामका बघत होतं. झोपलं काही नाही ते लगेच. पण सकाळी मी ओरडले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी ओरडले, ते पण सांगते, आणि माफी मागितली, दहा मिनिटांच्या आत.

चौकटीवर हात ठेवायचा प्रयत्न चालू आहे. बहुतेक वेळा आत गेल्यावर आठवतं. मग परत बाहेर येऊन हात ठेवते आणि आत जाते. मुलगी म्हणते आई काय करतेस, आता ती पण ठेवते, तिचा हात माझ्या कमरेएवढ्या उंचीवर लागतो.

पाळकबाईंना फोन केला. तीन दिवस ठरवत होते, नंबर लावून कट करायचे. शेवटी सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, माझं पहिलं मूल लहान असताना मी रोज न्हाणीघरात नळ सोडून रडायचे, आणि मला वाटायचं पाळकाच्या बायकोने असं कोणाला सांगू नये. बुधवारी आणि शनिवारी त्या येणार आहेत.

रात्रपाळी ताई, तुमच्या प्रश्नांतल्या दोनांना माझं उत्तर हो होतं. कोणते ते इथे लिहीत नाही, नवऱ्याला सांगितलं. तो फोनवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला रजा टाकतो. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शनिवारी सकाळी दहा वाजता. पाळकबाई मुलांजवळ थांबतील. मला भीती वाटतेय, काय विचारतील, काय सांगतील. त्या वेळी माझी आठवण ठेवाल का सगळे?

---

न बोलणाऱ्याची बोलकी आई

शनिवार, दहा. अलार्म लावला.

---

माळेतला मणी

त्या वेळी जुळ्यांना बाहेर फिरवत असते मी, एक दशक तुझ्यासाठी. दोघांना पण म्हणायला लावते, नुसतं आमेन येतं त्यांना.

---

रात्रपाळी

माझी शुक्रवारची नाइट आहे, शनिवारी दहापर्यंत जागी असते. जाताना तुमच्या त्रासाचं सगळं कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर विसरायला होतं. झोप किती तास, तुटक किती वेळा, ते पण लिहा.

---

पहाटेचा प्रहर

दहाला मी आणि माझी पत्नी दोघंही बसू.